धूळ सगळीकडेच तयार होते, टिकते कुठे? देवयानीच्या बटु दीर्घिकांविषयी

प्रश्न नागपुरातल्याच एका बी.एस्सी.च्या मुलाचा आहे. थोडक्यात असा: देवयानी दीर्घिकेभोवती (एम ३१) ज्या छोट्या लंबगोल दीर्घिका (बटु दीर्घिका) फिरतात त्यांत म्हातारे तारे सोडले तर काही नसतं, वायू नाही, धूळ नाही, असं पुस्तकात लिहिलंय. मग त्यांतल्याच एम ११० च्या फोटोत मधोमध काळे डाग कशाचे? आणि त्यांतल्याच एनजीसी १४७ व एनजीसी १८५ यांना सगळेच जोडी म्हणतात. एकाच घरच्या असतील तर एकीत धूळ आणि दुसरी ठणठणीत कोरडी, हे काऊन?

डाग धुळीचेच आहेत. पुस्तकातलं वाक्य ढोबळ आहे, एवढंच.

माझं मत आधीच सांगून टाकतो. धूळ तयार होण्यात काही अडचण नाही. म्हातारे तारे जिथे आहेत तिथे ती सतत तयार होत असते. अडचण आहे ती टिकवण्याची. आणि टिकणार की नाही हे बरोबरीच्या बहिणीवर फारसं ठरत नाही, ते ठरतं थोरल्या शेजारणीवर. बटु दीर्घिका मोठीच्या किती जवळून गेली आणि केव्हा गेली, हे कळलं की तिच्या पोटात काय शिल्लक असेल याचा बराचसा अंदाज येतो. सगळा येत नाही. कुठे अडतं ते पुढे सांगतो.

आधी धूळ. ताऱ्यांमधली धूळ म्हणजे एक दशांश मायक्रॉन आणि त्याहूनही बारीक कण. काही निव्वळ कार्बनचे, काही सिलिकॉन, ऑक्सिजन, मॅग्नेशियम आणि लोह यांच्या संयुगांचे. आपल्या आकाशगंगेत वायूच्या वस्तुमानाच्या साधारण शंभरावा भाग धूळ असते. मोठा आणि लहान मॅजेलनिक मेघ या आपल्या शेजारच्या दोन छोट्या दीर्घिका. मोठ्या मेघात हे प्रमाण तीन-चारशे भाग वायूला एक भाग धूळ असं उतरतं आणि लहान मेघात हजारात एकाच्याही खाली जातं. कारण उघड आहे. कण बनायला हायड्रोजन-हेलियमपेक्षा जड मूलद्रव्यं लागतात, ती ताऱ्यांच्या पोटात शिजतात, आणि छोट्या दीर्घिकेत ताऱ्यांच्या पिढ्याच कमी झालेल्या असतात. शिवाय जे शिजतं त्यातलं बरंचसं बाहेर उडून जातं.

कण नेमके कुठे बनतात? सूर्यासारखा तारा आयुष्याच्या अखेरीस फुगून राक्षसी होतो, त्याचा पृष्ठभाग तीन हजार अंशांच्या आसपास थंडावतो आणि बाहेरचे थर आत-बाहेर हलू लागतात. ताऱ्यापासून काही त्रिज्या लांब, तापमान हजार-दीड हजार अंशांवर उतरलं की तिथे कण गोठतात. मग ताऱ्याचाच प्रकाश त्या कणांना बाहेर ढकलतो आणि कण जाता जाता आजूबाजूचा वायूही सोबत ओढून नेतात. म्हणजे धूळ नुसती ताऱ्यातून बाहेर पडत नाही, ताऱ्याचं कवच उतरवण्याचं बरंचसं काम तीच करते.

यात एक गंमत आहे. जड मूलद्रव्यांची इतकी टंचाई असलेल्या दीर्घिकेत ताऱ्यांनी धूळ करायची कशातून, अशी शंका बरीच वर्षं होती. स्पिट्झर या अवरक्त दुर्बिणीतून जवळच्या ५० बटु दीर्घिका तपासणारा 'डस्टिंग्ज' नावाचा सर्वेक्षण प्रकल्प झाला, त्याचे निष्कर्ष २०१५ पासून येऊ लागले. सेक्स्टन्स ए सारख्या दीर्घिकेत जड मूलद्रव्यं सूर्याच्या दशांशाहूनही कमी आहेत, तिथेही धुळीत गुरफटलेले राक्षसी तारे सापडले. कार्बन तारे कच्च्या मालासाठी मागच्या पिढीवर अवलंबून नसतात. हेलियमपासून कार्बन ते स्वतःच तयार करतात, तो ढवळून वर आणतात आणि त्याचीच काजळी बाहेर टाकतात. धुळीचा दुसरा कारखाना म्हणजे सुपरनोव्हा. फेब्रुवारी १९८७ मध्ये मोठ्या मॅजेलनिक मेघात जो तारा फुटला, त्या एसएन १९८७ए च्या अवशेषात सुमारे अर्ध्या सूर्याएवढी थंड धूळ असल्याचं २०११ मध्ये हर्शेल अवकाश दुर्बिणीच्या मोजमापांतून दिसलं. नंतर चिलीतल्या अल्मा दुर्बिणींनी ती स्फोटातून निघालेल्या आतल्या मालातच असल्याचं दाखवलं. त्यातली किती वाचेल हा वेगळा विषय, कारण स्फोटाची लाट उलटून आत येते तेव्हा बरेच कण फुटतात.

कण मरतातही. लाखो अंशांच्या विरळ वायूत सापडले की आयन आदळून आदळून ते झिजत जातात. त्यामुळे ज्या दीर्घिकेत आज धूळ दिसते तिथली धूळ विश्वाच्या हिशेबात ताजी समजायची, ती दहा अब्ज वर्षांपूर्वीची शिल्लक नव्हे. एम ११० मधले डाग पाहताना हे विसरू नका.

धुळीचा वायूशी संबंध फक्त सोबतीचा नाही. हायड्रोजनचे दोन अणू मोकळ्या अवकाशात भेटले तर सहसा जुळत नाहीत, कारण जुळताना सुटणारी ऊर्जा टाकायला तिसरं कुणी लागतं. कणाच्या पृष्ठभागावर ते जमतं. रेणू तयार झाल्यावर त्याला अतिनील किरणांपासून आडोसाही धूळच देते. धूळ कमी असेल तर कार्बन मोनॉक्साइडचे रेणू टिकत नाहीत, आणि आम्ही थंड वायूचा माग याच रेणूवरून काढत असल्यामुळे दीर्घिका आहे त्याहून कोरडी वाटते. डब्ल्यूएलएम या एकाकी बटु दीर्घिकेत हा रेणू २०१३ मध्ये पहिल्यांदा सापडला आणि २०१५ मध्ये अल्माने त्याचे चिमुकले गाभे दाखवले. तोवर अनेकांनी तिथे रेणूवायू जवळपास नसेलच असं धरलं होतं.

आता सोबतीकडे येऊ. आपल्या आकाशगंगेच्या आणि देवयानीच्या सगळ्या उपदीर्घिका घ्या आणि प्रत्येकीत अणुरूप हायड्रोजन किती आहे ते मांडा. हा हायड्रोजन १४२० मेगाहर्ट्झवर, म्हणजे २१ सेंटिमीटर तरंगलांबीवर, रेडिओ लहरी सोडतो, त्यामुळे तो मोजता येतो. २००९ मध्ये अशी नीट मांडणी झाली तेव्हा चित्र अगदी स्वच्छ निघालं. मोठ्या दीर्घिकेपासून साधारण ९ लाख प्रकाशवर्षांच्या आत जवळपास सगळ्या बटु दीर्घिका कोरड्या, त्याबाहेर जवळपास सगळ्यांकडे वायू. आपल्याकडे आतल्या भागात ठळक अपवाद दोनच, दोन्ही मॅजेलनिक मेघ. बाहेरचं उदाहरण म्हणजे २००७ मध्ये सापडलेली लिओ टी. ती १३ लाखांहून अधिक प्रकाशवर्षांवर आहे, इतकी किरकोळ की तिच्यात ताऱ्यांपेक्षा वायूचंच वस्तुमान जास्त भरतं, तरी तो वायू तिने धरून ठेवलाय.

जवळ आल्यावर वायू जातो कसा? मोठ्या दीर्घिकेभोवती दहा लाख अंशांच्या घरातला विरळ, अदृश्य वायूचा गोल पसरलेला असतो. विरळ म्हणजे घनमीटरमध्ये शंभरेक अणू. एवढ्याशा वायूने काय होणार असं वाटतं. पण मे महिन्यात हवा अगदी पडलेली असताना वर्धा रोडवर गाडी काढा, तोंडावर झोत बसतोच, आणि सैल बांधलेला दुपट्टा मागे उडतो. बटु दीर्घिका त्या गोलातून सेकंदाला दोनशे-तीनशे किलोमीटर वेगाने जाते. समोरून बसणारा दाब म्हणजे घनता गुणिले वेगाचा वर्ग. मोठीच्या जवळ जाताना घनताही वाढते आणि वेगही, म्हणून सगळ्यात जवळून जाण्याचा तो थोडा काळच निर्णायक ठरतो. तारे घट्ट गोळे, त्यांना या दाबाचं काहीच वाटत नाही. वायू आणि त्यातली धूळ मागे राहते. ही यंत्रणा गन आणि गॉट यांनी १९७२ मध्ये दीर्घिकांच्या मोठ्या समूहांसाठी मांडली होती. उपदीर्घिकांना तीच लागू पडते, फक्त इथे गुरुत्वाची पकड इतकी ढिली असते की वारा विरळ असला तरी पुरतो. आतून सुपरनोव्हांनी वायू आधीच फुगवून सैल केला असेल तर काम आणखी सोपं होतं.

हे घडताना दिसतं का? फिनिक्स नावाची बटु दीर्घिका साडेतेरा लाख प्रकाशवर्षांवर आहे. तिच्यात ताऱ्यांचा पुंजका एका जागी आणि सुमारे लाखभर सूर्यांएवढा हायड्रोजनचा ढग त्याच्या बाजूला सरकलेला, चंद्रकोरीसारखा वाकलेला. तो ढग तिचाच आहे का यावर बराच वाद झाला. रेडिओच्या डेटामध्ये वायू कुठे आहे हे वेगावरून ओळखावं लागतं. वर्णरेषेचे बारीक वेगवेगळे पट्टे पाडून एकेक पट्टा नकाशासारखा बघायचा. त्या दिशेला आपल्याच आकाशगंगेचा वायू, मॅजेलनिक प्रवाहाचा (मॅजेलनिक मेघांमागे पसरलेल्या वायूच्या पट्ट्याचा) वायू आणि फिनिक्सचा ढग, तिघांचे वेग शेजारीशेजारी येतात. एका पट्ट्यात जो ठिपका ठसठशीत वाटतो तो पुढच्या दोन पट्ट्यांत समोरच्या पसाऱ्यात विरघळतो. शेवटी ताऱ्यांचा वेग प्रकाशीय दुर्बिणीतून मोजला, तो एका ढगाशी जुळला, तेव्हा कुठे निवाडा झाला. असल्या डेटावर मी नोकरीची बरीच वर्षं घालवली आहेत, म्हणून सांगतो: सुंदर रंगवलेला नकाशा पाहिला की आधी त्यातला वेगाचा स्तंभ मागा.

वायूची पातळी इतकी खाली मोजायला नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी ही आपल्या हक्काची दुर्बीण आहे. ४५ मीटरच्या ३० तबकड्या. 'फिग्ज' हे अतिमंद अनियमित बटु दीर्घिकांच्या हायड्रोजनचं सर्वेक्षण तिथेच झालं. महाराष्ट्रातल्या मुलांना हबलचं सगळं पाठ असतं आणि खोडदचं नाव घेतलं की चेहरे कोरे होतात, याची मला दर वर्षी नव्याने चीड येते.

आता तुझ्या तीन दीर्घिका, एकेक करून.

एम ११०, म्हणजे एनजीसी २०५. चार्ल्स मेसियेने ती १७७३ मध्ये पाहिली होती, पण त्याच्या यादीत ११० वा क्रमांक तिला १९६७ मध्ये मिळाला. एम ३१ च्या केंद्रापासून आकाशात ती जेमतेम अर्ध्या अंशाहून थोडी जास्त लांब दिसते. तिच्या मध्यभागी धुळीचे काळे डाग आहेत, तरुण निळे तारे आहेत, आणि धूळ दहा-वीस हजार सूर्यांच्या वस्तुमानाएवढी आहे. खरं कोडं ती कशी आली याचं नाही. उलट आहे ती इतकी कमी का, हे आहे. तिच्यातल्या मरत्या ताऱ्यांनी सोडलेला माल जमा धरला तर कोटीच्या घरात सूर्यवस्तुमान वायू असायला हवा. हर्शेल दुर्बिणीच्या २०१२ च्या अभ्यासात वायू भरला दहा-पंधरा लाखांच्या आसपास. बाकीचा गेला. कुठे गेला याची खूण तिच्या ताऱ्यांच्या गतीत आहे: मध्यापासून तीन हजार प्रकाशवर्षांच्या आसपास ताऱ्यांच्या फिरण्याचा आलेख उलटा वळतो, म्हणजे बाहेरचे तारे देवयानीच्या ओढीने विस्कटलेले आहेत. तारेच ओढले जात असतील तिथे वायूचं काय बोलायचं.

एनजीसी १८५ आणि एनजीसी १४७ शर्मिष्ठेच्या हद्दीत आहेत, एकमेकींपासून आकाशात एक अंशभर. पहिली विल्यम हर्शेलला १७८७ मध्ये दिसली, दुसरी त्याच्या मुलाला, जॉनला, १८२९ मध्ये. दोन्हींचे तारे सुटे करून त्या आपल्या स्थानिक समूहातल्याच (आकाशगंगा, देवयानी आणि त्यांच्या आसपासच्या दीर्घिका) आहेत हे वॉल्टर बाडेने १९४४ मध्ये दाखवलं. युद्धामुळे लॉस एंजेलिसचे दिवे मंदावलेले होते आणि माउंट विल्सनची शंभर इंची दुर्बीण त्याच्या हाताशी होती. तेजस्वितेने दोघी साधारण सारख्या, दिसायला सारख्या, वेगही जवळपास सारखा. म्हणून १९९८ मध्ये सिडनी व्हॅन डेन बर्गने त्या गुरुत्वाने बांधलेली जोडी असावी असं सुचवलं आणि ते सगळीकडे छापून आलं.

आता आतलं बघ. एनजीसी १८५ मध्ये सुमारे ५ हजार सूर्यांएवढी धूळ, लाखभर सूर्यांएवढा अणुरूप हायड्रोजन, मध्यभागी थोडे तरुण तारे. एनजीसी १४७ मध्ये वायू सापडतच नाही आणि धूळ असलीच तर शे-दोनशे सूर्यांच्या वर नाही. यावर कुणी म्हणेल, १४७ चे तारे जास्त म्हातारे असतील, तिचं सगळं आटोपलं असेल. हबलच्या २०१५ च्या अभ्यासाने ते उलटं करून टाकलं. १८५ चे सत्तर टक्के तारे साडेबारा अब्ज वर्षांपूर्वीच बनून झालेले आहेत, तर १४७ चे बहुसंख्य तारे त्यानंतरचे, विशेषतः पाच ते सात अब्ज वर्षांपूर्वीचे. म्हणजे जी उशिरापर्यंत नांदती होती तीच आज रिकामी, आणि जिचा संसार आधी उरकला तिच्याकडे शिल्लक. ताऱ्यांच्या वयावरून धुळीचा अंदाज बांधणं इथे साफ फसतं.

उलगडा कक्षेतून होतो. २०२० मध्ये हबलच्या आठेक वर्षांच्या अंतराने घेतलेल्या प्रतिमांवरून दोघींची आकाशातली आडवी सरक मोजली गेली. त्यावरून मागे हिशेब केला तर एनजीसी १४७ ही देवयानीपासून सुमारे सव्वादोन लाख प्रकाशवर्षांवरून गेली, आणि ते अवघ्या ३० ते ५० कोटी वर्षांपूर्वी. एनजीसी १८५ ची शेवटची जवळची फेरी कमीत कमी १६० कोटी वर्षांपूर्वीची. १४७ ला दोन्ही बाजूंनी ताऱ्यांची लांब शेपटी आहे आणि तिची दिशा तिच्या गतीशी जुळते. १८५ ला शेपटी नाही. आणि त्याच अभ्यासाचा निष्कर्ष असा की या दोघी कधीकाळी एकमेकींना बांधलेल्या असण्याची शक्यता फारच कमी. खोलीतही त्या दोन-तीन लाख प्रकाशवर्षांनी पुढेमागे आहेत. जोडी हा आपल्या नजरेचा योगायोग, फार तर एकाच वाटेने जाणाऱ्या दोन वाटसरू. २०१३ मध्ये देवयानीच्या २७ पैकी १५ उपदीर्घिका एका पातळ प्रतलात आढळल्या होत्या. या दोघी त्या प्रतलातल्या आहेत, एवढं नातं मात्र आहे.

आकडे थोडे हाताने करून पाहू. म्हाताऱ्या ताऱ्यांच्या दीर्घिकेत सूर्याच्या तेजाच्या एका एककामागे वर्षाला सुमारे १.५ × १०⁻¹¹ सूर्यवस्तुमान वायू बाहेर पडतो, असा जुना वापरातला ठोकताळा आहे. एनजीसी १८५ चं तेज ढोबळमानाने दहा कोटी सूर्यांचं धरा. म्हणजे हजार वर्षांत दीड सूर्य. दहा कोटी वर्षांत दीड लाख सूर्यवस्तुमान. दिसणारा अणुरूप हायड्रोजन साधारण तेवढाच आहे. तेव्हा १८५ चा वायू बाहेरून आला असं मानायची गरजच पडत नाही, तिच्या ताऱ्यांनी तो घरच्या घरी भरून काढलाय, आणि ५ हजारांची धूळही त्याच मालातली.

पण हाच हिशेब १४७ ला लावला की अडतो. ३०-४० कोटी वर्षांत तिच्याही ताऱ्यांनी चार-पाच लाख सूर्यवस्तुमान वायू सोडला असणार. तो दिसत नाही. म्हणजे एकदा झाडून जाणं पुरेसं नाही, त्यानंतर आजपर्यंत जे जे निघालं तेही सतत निसटत असलं पाहिजे. मला यात तिचा सैलपणा महत्त्वाचा वाटतो. १४७ मध्यभागी १८५ पेक्षा विरळ आहे, ओढाताणीने आणखी पसरली आहे, आणि विरळ दीर्घिकेत ताऱ्यांतून निघालेला वायू थंड होऊन खाली बसण्याआधीच गरम वाऱ्यात मिसळतो. हे माझं मत आहे. काही सहकारी सुपरनोव्हांना जास्त श्रेय देतात. मला एवढ्या म्हाताऱ्या दीर्घिकेत तेवढे स्फोट झाले असतील असं वाटत नाही.

बरोबरीच्या दोन बटु दीर्घिका खरोखर एकमेकींजवळ आल्या तर काय होतं, याचंही उत्तर आहे. 'टायनी टायटन्स' या २०१५ च्या अभ्यासात बटु दीर्घिकांच्या जोड्या तपासल्या. जवळ आलेल्या जोड्यांत तारे बनण्याचा वेग सरासरी दुपटीहून वाढलेला होता, पण वायू संपलेला नव्हता. वायू कमी आढळला तो फक्त त्या जोड्यांत, ज्या एखाद्या भारी दीर्घिकेपासून साडेसहा लाख प्रकाशवर्षांच्या आत होत्या. बहिणी एकमेकींना ढवळतात, ओरबाडतात, पण नागवत नाहीत.

याचं सगळ्यात जवळचं उदाहरण दोन्ही मॅजेलनिक मेघांचं, आणि ते नागपूरकरांच्या नशिबात नाही. मोठा मेघ आपल्या २१ अंश अक्षांशावरून क्षितिजाच्या जेमतेम एक अंश खालीच राहतो. कन्याकुमारीला गेलात तर तो दक्षिणेला बारा अंश वर येतो. मोठा मेघ एक लाख ६२ हजार प्रकाशवर्षांवर, लहान दोन लाखांवर, आणि ते एकमेकांचा वायू खेचत आले आहेत. दोघांमध्ये वायूचा पूल आहे आणि मागे सुमारे १४० अंश लांब पसरलेला मॅजेलनिक प्रवाह आहे, जो १९७४ मध्ये पूर्ण रूपात ओळखला गेला. एवढ्या आत येऊनही यांचा वायू का शिल्लक? एक तर मोठा मेघ वजनदार आहे, आपल्या आकाशगंगेच्या दहा-वीस टक्के. दुसरं, २००६ मध्ये नित्या कल्लिवायलिल आणि सहकाऱ्यांनी हबलवरून त्यांची गती मोजली ती अपेक्षेपेक्षा बरीच जास्त निघाली, आणि त्यावरून ते बहुधा पहिल्यांदाच आपल्या जवळ येत आहेत असं मत पक्कं होत गेलं. पुढे चंद्रशेखर यांनी १९४३ मध्ये मांडलेलं गतिक घर्षण आपलं काम करेल: भारी वस्तू ताऱ्यांच्या आणि कृष्णद्रव्याच्या गर्दीतून जाताना मागे जो थवा खेचून गोळा करते तोच तिला मागे ओढतो. हलक्या बटु दीर्घिकांवर त्याचा परिणाम नगण्य, मोठ्या मेघावर मोठा. वाऱ्याचे वण मात्र आत्ताच दिसतात. मोठ्या मेघाच्या पुढच्या कडेला वायूची तबकडी मध्यापासून वीस हजार प्रकाशवर्षांवरच कापल्यासारखी संपते, तारे तिच्या पुढेपर्यंत आहेत. २०१५ मध्ये त्या कापलेल्या कडेवरूनच आपल्या भोवतीच्या गरम वायूची घनता काढली, आणि वर मी घनमीटरमागे शंभर अणू म्हणालो ते तिथूनच.

सगळं संपल्यावर काय उरतं हे पाहायचं असेल तर ते नागपुरातून सहज दिसतं. धनु राशीतला एम ५४ हा तारकागुच्छ १९९४ मध्ये सापडलेल्या धनु बटु दीर्घिकेच्या अगदी केंद्रात आहे. ती दीर्घिका आपल्या आकाशगंगेत विरघळत चालली आहे, वायू कधीच गेला, ताऱ्यांचे पट्टे आकाशभर पसरले. एम ५४ आपल्याकडे दक्षिणेला ३८ अंशांपर्यंत चढतो. पावसाळ्याआधी पहाटे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबरात संध्याकाळी बघ. चार इंची दुर्बिणीतही धुरकट ठिपका दिसतो, आणि तो ठिपका दुसऱ्या दीर्घिकेचा आहे.

देवयानीची मंडळी बघायला नोव्हेंबर. मध्यावर, रात्री सव्वानऊ-साडेनऊला, एनजीसी १८५ आणि १४७ उत्तरेला ६३ अंशांवर मध्यमंडलावर (आकाशातल्या उत्तर-दक्षिण रेषेवर) येतात. फुटाळा तलावावरून किंवा गच्चीवरून वेळ घालवू नकोस. या दोघींचं तेज इतकं पसरलेलं आहे की शहरी उजेडात पार्श्वभूमीतच बुडतात. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली, ते आपल्यापासून तासा-दीडतासावर आहे. वनखात्याची परवानगी आणि ठरलेली जागा घेऊनच जा, रात्री जंगलाच्या कडेला दुर्बीण मांडून बसण्याची जागा ती नव्हे. आठ इंची दुर्बिणीतून १८५ आधी सापडेल, १४७ ला वेळ द्यावा लागेल, नजर किंचित बाजूला ठेवून. एम ११० मधले काळे डाग डोळ्याने दिसतील अशी आशा ठेवू नकोस, ते कॅमेऱ्याचं काम आहे. अंधाऱ्या जागेवरून लांब एक्सपोजर जोडलेस तर मध्याजवळचे डाग निघतात.

आणि धूळ स्वतः मोजून पाहायची असेल तर हर्शेल दुर्बिणीच्या संग्रहातल्या २५० मायक्रॉन तरंगलांबीच्या प्रतिमा सगळ्यांना मोफत आहेत. १८५ आणि १४७ च्या चौकटी शेजारीशेजारी लाव. १८५ च्या मध्यावर डाग दिसेल. १४७ च्या चौकटीतही तुला धुरकट पट्टे दिसतील आणि हाती काहीतरी लागल्याचा भास होईल. ते आपल्याच आकाशगंगेच्या धुळीचे आहेत. या दोघी आकाशगंगेच्या पट्ट्यापासून जेमतेम १४ अंशांवर असल्यामुळे समोरून आपलीच धूळ आडवी येते. खात्री करायला एचआय४पीआय हा २०१६ चा हायड्रोजनचा नकाशा घे आणि त्याच पट्ट्यांवरचा वेग पाहा. १४७ चा वेग आपल्याकडे सेकंदाला सुमारे १९० किलोमीटर आहे. पट्ट्यांचा वायू शून्याच्या आसपास निघेल. तो भाग वजा केल्यावर जे उरतं त्यावर आकडा काढ, आणि त्रुटीची मर्यादा आकड्याहून मोठी आली तर तशीच लिही.